भावाच्या नावाची डबी

बुधवार, १० सप्टेंबर १९७५. रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर चौघे : मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आमची आई. जागा केनवडला भावाच्या घरची ओसरी. सहाशे चाळीसपैकी चारशे मी माझ्या फंडातून काढले होते आणि दोनशे चाळीस भावाने गाय विकून आणले होते. त्याच्या मानेत दोन्ही बाजूंना गाठी आल्या होत्या. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात त्यातली एक काढून तपासली, तेव्हा तो कॅन्सर निघाला. आता इलाजासाठी नागपूरला जायचे होते.

या गोष्टीला चार वर्षे झाली. तारखा आणि आकडे माझ्या वहीतले आहेत, बोलणी आठवणीतली. आमच्याकडे सगळे म्हणतात की तो मानेच्या गाठींनी गेला. मीही कुणाला अडवून दुरुस्त करीत नाही. पण तो गाठींनी गेला नाही, आणि हे एकदा कुठेतरी नीट लिहिलेले असावे म्हणून लिहीत आहे.

मी वाशीमला एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस आहे. भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा तेहतीसचा. वडिलांची चार एकर जमीन तोच करीत असे. मी मॅट्रिक होऊन शहरात आलो, चप्पल घालायला लागलो, नळाचे पाणी प्यायला लागलो. तो तिथेच राहिला. आमच्यात वाटणीवरून कधी एक शब्द झाला नाही.

त्या दिवशी ओसरीवर मी नोटा मोजून पिशवीत ठेवल्या. भावजय दाराआड उभी होती. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही, तिला काही विचारायचे असले तर सासूला उद्देशून बोलते आणि ज्याने ऐकायचे तो ऐकतो.

"आत्याबाई, इचारा ना, किती दिवस लागतीन?"

"पंधरा दिवस तर लागतीनच," मी आईकडे पाहून म्हणालो.

"आन् गुण येईन का?"

याचे उत्तर भावानेच दिले. "येईन ना! दादा सोबत हाये. दादाच्या हिशेबात आजवर चूक निघाली नाई."

आई म्हणाली, "दोघं चाल्ले, दोघंच या."

वाशीमहून अकोल्यापर्यंत छोटी गाडी आणि अकोल्याला गाडी बदलून नागपूर. छप्पन साली वडिलांनी आम्हा दोघांना नागपूरला नेले होते, त्यानंतर भावाचा हा पहिलाच प्रवास. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि गर्दीत हरवू नये म्हणून मी त्याचा हात धरून होतो. या वेळी गाडीत तो खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनचे नाव मोठ्याने वाचत होता. भाकर मात्र त्याला गिळवत नव्हती. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घ्यावा लागे.

सोमवारी, पंधरा तारखेला, त्याला वॉर्डात घेतले. माझ्यासारखे सोबतीला आलेले लोक बाहेरच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून राहत, स्टोव्ह पेटवून खिचडी करीत. वॉर्डाची रोजची पाहणी एक तरुण डॉक्टरीणबाई करायच्या. मोठे डॉक्टर फक्त शुक्रवारी यायचे आणि कुणाला औषध सुरू करायचे ते त्या दिवशी ठरायचे. डॉक्टरीणबाईंनी भावाला खाटेवर बसवून सगळे विचारून लिहून घेतले.

"शेतात अनवाणी चालता?"

"वावरात चप्पल घालून कोण चालते बाई? काळी माती हाये. दोन पावलं टाकली का चप्पल मातीत आन् पाय बाहेर."

त्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग यांची शौच तपासायलाच हवी. ओल्या जमिनीत फार बारीक जंत असतात, ते पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि वर्षानुवर्षे पोटात राहतात. माणसाला कळतही नाही, कारण अंगाचा त्यांच्यावर पहारा असतो. आम्ही ज्या गोळ्या देणार आहोत त्यांनी गाठी विरतात, पण तो पहाराही उठतो. म्हणून जंत असले तर आधी ते मारायचे, मग आमचं औषध. समजलं?"

मी "समजलं" म्हणालो. खरेच समजले होते. हे मला नंतर कुणी सांगितले असे नाही. त्या सोमवारी, पहिल्याच दिवशी, मी माझ्या कानांनी ऐकले होते.

त्यांनी पत्र्याची एक लहान डबी दिली. झाकणावर कागदाची पट्टी आणि तिच्यावर भावाचा नंबर, एकशे सतरा. सकाळी साडेआठच्या आत ती खालच्या तपासणीच्या खोलीत पोचवायची. गुरुवारपर्यंत पोचली तर शुक्रवारी कागद हातात, आणि शनिवारी पहिले इंजेक्शन. नाही पोचली तर सगळे पुढच्या शुक्रवारवर.

आणि भावाला शौचाला होईना.

वाचणाऱ्याला हसू येईल. आम्हालाही आले होते. भाऊ जन्मापासून नाल्याच्या काठी डबा घेऊन जाणारा माणूस. वर आभाळ, आजूबाजूला तरोट्याची झाडी, कुणाची घाई नाही. दवाखान्यात एका रांगेत सहा संडास होते, त्यातल्या तीन संडासांना कड्या नव्हत्या. मंगळवारी तो आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"काय झालं?"

"काय होते? मागं माणसं उभी हायेत, दार ठोकून राह्यले. एक म्हणते, मामा झोपले का? असं कोणाले होईन?"

बुधवारी तो पहाटेच उठून मोकळी जागा शोधायला निघून गेला. तासाभराने परत आला तो चिखलाचे पाय घेऊन. रेल्वेच्या रुळाकडे गेला होता, तिथून एका पहारेकऱ्याने काठी दाखवून पळवले. "एवढं मोठं नागपूर," तो म्हणाला, "आन् माणसाले बसाले एक वावर नाई!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पोट धरून हसला.

मी म्हणालो, "बाईंना सांगू. त्या एनिमा देतील."

"त्या बाईले सांगतं? तुले लाज नाई वाटत दादा?"

"दवाखान्यात कसली लाज?"

"तुले नसन. मले हाये. लेकीच्या वयाची पोरगी थे."

ती लेकीच्या वयाची नव्हती, पण त्याच्यापुढे बोलून उपयोग नसे. बुधवारी संध्याकाळी मी त्याला दोन केळी आणि कोमट दूध दिले. दुधाचा पेला संपायला वीस मिनिटे लागली. गाठी इतक्या वाढल्या होत्या की त्याला आडवे झोपता येत नव्हते, पाठीशी उशी लावून बसून राहावे लागे. श्वास घेताना घशात शिट्टीसारखा आवाज यायचा. वॉर्डातला कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाला होता की अशा केसमध्ये आठ दिवस फार असतात.

गुरुवार, अठरा तारीख. सकाळचे सात. भाऊ संडासातून रिकामी डबी घेऊन आला आणि व्हरांड्यात माझ्या सतरंजीवर बसला. आम्ही दोघे डबीकडे पाहत बसलो.

मग तोच म्हणाला, "दादा, तूच दे ना."

"काय?"

"तुहीच दे. एकाच मायच्या पोटचे हाओत ना आपण? आपल्या पोटात काय एवढा फरक असन?"

तो हसत होता. मी हसलो नाही. मी घड्याळ पाहिले. जिनिंगमध्ये बावीस वर्षे मी कापसाच्या वजनाच्या पावत्या लिहिल्या, पण एका गाडीचे वजन दुसऱ्याच्या नावावर कधी लिहिले नाही. लोकांनी पैसे दाखवले, शिव्या दिल्या, तरी लिहिले नाही. आणि त्या सकाळी डबी उचलून संडासाच्या रांगेत उभे राहायला मला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मला वाटले, ही शौचाची डबी आहे. एक कागद पूर्ण व्हायचा आहे. त्याचा घसा आवळत चालला आहे, ते खरे आहे. बाकी सगळे कागदाचे आहे.

सात वाजून पन्नास मिनिटांनी मी एकशे सतरा नंबरची डबी खिडकीत दिली. तिथल्या माणसाने रजिस्टरात भावाचे नाव लिहिले आणि समोर माझी सही घेतली.

शुक्रवारी कागद आला. इंग्रजीत दोन ओळी होत्या : जंत नाहीत, अंडी नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला, मान हलवली. शनिवारी इंजेक्शन दिले आणि पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. रोज बारा, चौदा दिवस, म्हणजे एकशे अडुसष्ट. त्याच शनिवारी दुपारी भावाला शौचाला झाले. कंपाउंडरने सगळ्या वॉर्डाला सांगितले आणि टाळ्या पडल्या.

गोळ्यांनी जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर खरे मानले नसते. चौथ्या दिवशी गाठी मऊ झाल्या. सातव्या दिवशी मानेचा आकार दिसू लागला. आठव्या दिवशी, दुसऱ्या इंजेक्शनच्या सकाळी, त्याने तीन पोळ्या खाल्ल्या. बाई त्याच्या गळ्यावर बोटे फिरवून म्हणाल्या, "वा!" तो लाजला.

आम्ही परत आलो आणि त्याला मी वाशीमला माझ्याच घरी ठेवले. बाईंनी सांगितले होते, पाणी उकळून द्या, कच्चे काही देऊ नका, गर्दीत नेऊ नका. माझी बायको घड्याळ लावून वीस मिनिटे पाणी उकळायची. मी गोळ्या मोजून दिवसाच्या बारा-बारा अशा पुड्या बांधून ठेवल्या होत्या. एकही चुकली नाही. गोळ्या संपल्यावर तो केनवडला गेला. तिथे त्याची मान बघायला माणसे येत. मी रविवारी गेलो तेव्हा तो वावरात होता.

"इतक्या लवकर कायले आला तू वावरात?"

"कोण करन मंग? तू येतं का लेखणी घेऊन?"

अठरा ऑक्टोबरला दुसरी फेरी. पुन्हा नागपूर, दोन इंजेक्शने, पुन्हा बारा गोळ्या रोज. या वेळी परत तपासणी झाली नाही, कारण एकदा झालेली कागदात होती.

महिन्याच्या शेवटी, वाशीमला माझ्या घरी असताना, त्याच्या पोटावर एक लाल रेघ उठली. सुरुवातीला मला ती खाजवल्याची वाटली. वेलीसारखी वळणे घेत गेलेली, दोऱ्याएवढी बारीक. तो म्हणाला, "सकाळी ही इथं नव्हती रे." मी पेनाने रेघेच्या टोकाशी एक टिंब केले. तासाभराने पाहिले तर रेघ टिंबाच्या पुढे गेली होती. मुलांची फूटपट्टी घेऊन मी मोजले. दीड इंच. दुसरे टिंब केले. पुढच्या तासात दोन इंच. संध्याकाळपर्यंत माझी पाच टिंबे झाली. मग ती रेघ विझली, आणि दुसऱ्या दिवशी कमरेवर नवी उठली.

मी वहीत हे सगळे वेळेसह लिहिले आहे. मोजण्यापलीकडे मला काय करता येत होते ते मला कळत नव्हते. आमच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "पित्त उठलंय. एवढं जालीम औषध चालू आहे, अंगावर काही येणारच." शेजारचे म्हणाले, औषध लागू पडून राह्यलं. मग पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या, आणि त्याही औषधाच्याच खात्यावर गेल्या. कॅन्सरच्या औषधाने उलट्या होतात हे आम्हाला नागपूरलाच सांगितले होते. प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर होते. त्या दिवसांत मला डबीची आठवण झाली का? झाली. रेघ दुसऱ्यांदा उठली त्या दिवशी झाली. बाईंचे "पायाच्या कातडीतून" हे शब्द आठवले. मी स्वतःला सांगितले की महिना उलटून गेला, काही असते तर आधीच दिसले असते. आठ दिवस मी हे स्वतःला सांगत राहिलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोकला सुरू झाला आणि ताप चढला. सोमवारी, दहा तारखेला, मी त्याला नागपूरच्या वॉर्डात नेले तेव्हा तो चार पावले चालला की बसत होता.

डॉक्टरीणबाईंनी सदरा वर केला. पोटावर एक ताजी रेघ होती आणि माझी पेनाची टिंबे होती. त्यांनी टिंबांना बोट लावले. "हे कुणी केलं?"

"मी. रेघ पुढे सरकते. तासाला दीड ते दोन इंच."

त्यांनी फाइल घेतली, पाने मागे उलटली आणि तो दोन ओळींचा कागद काढला.

"तपासणी तर कोरी आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, ती त्याची नव्हती."

"म्हणजे?"

"त्याला होत नव्हतं. शेवटचा दिवस होता. डबीत मी माझी दिली."

 मला वाटले ओरडतील. त्यांनी भावाला एका कागदी पेल्यात थुंकायला सांगितले आणि तो पेला स्वतः घेऊन खाली गेल्या. मीही मागोमाग गेलो, कुणी थांबवले नाही. त्यांनी काचेवर थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकाच्या नळीत पाहिले आणि बाजूला झाल्या. "या. एक डोळा मिटून बघा."

आत एक पिवळसर गोल उजेड होता आणि त्यात दोरे होते. मी पाहिले तोवर एक वळवळला, मग दुसरा. ते पोटातून कधीच निघाले होते. माझ्या भावाच्या छातीत होते.

"आता सगळीकडे असतील," त्या म्हणाल्या. "जाताना आतड्यातली घाण बरोबर नेतात, ती रक्तात उतरते. ताप त्याचा आहे."

"औषध?"

"आहे. पण आमच्या स्टोअरमध्ये नाही. बाहेर मिळालं तर बघा."

चिठ्ठी घेऊन मी दवाखान्यासमोरची सगळी औषधांची दुकाने पालथी घातली. अकराव्या दुकानात एक पांढऱ्या दाढीचा मुसलमान दुकानदार होता. त्याने चिठ्ठी वाचून चष्मा वर केला. "ये यहाँ कोई नहीं रखता भाऊ. मुंबईले सांगावं लागते. मरीज कौन?"

"भाऊ."

"छोटा?"

"छोटा."

त्याने पैसे मागितले नाहीत. नाव लिहून घेतले, मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि दीड तास मला स्टुलावर बसवून ठेवले. लाइन लागल्यावर तो फोनमध्ये ओरडून बोलला. मग म्हणाला, "आज सोमवार. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येईन. उससे पहले नहीं."

मी वॉर्डात येऊन बाईंना शुक्रवार सांगितला. त्यांनी पांढऱ्या गोळ्या थांबवल्या होत्या, तापासाठी सुया चालू केल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "एका तपासणीत हे जंत सापडतातच असं नाही. तुम्ही त्यांची स्वतःची दिली असती तरी कदाचित कागद कोराच आला असता."

त्यांनी हे माझ्यासाठी सांगितले, ते मला कळले. पण "कदाचित" हा आकडा मला कुठल्याच रकान्यात बसवता आला नाही. आजही येत नाही.

भाऊ बुधवारपर्यंत शुद्धीवर होता. त्याला कुणीतरी सांगितले होते, किंवा त्याने ओळखले होते.

"तू त्या बाईले सांगतलं?"

"हो."

"कायले सांगतलं? तुले बोलली असन थे."

"नाही बोलली."

"थे म्याच म्हटलं होतं ना तुले. तुही दे म्हणून. तू उगाच आपल्यावर घेतलं असन." मग खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "घरी नको सांगू दादा. माय मले शिव्या देईन."

आपण मरतो आहोत हे त्याला माहीत होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी पाण्याने फडके भिजवून त्याच्या कपाळावर ठेवत होतो, ते लगेच गरम होत होते. आठवड्यापूर्वी मी रेघा मोजल्या, आता श्वास मोजत होतो. मिनिटाला चाळीस, बेचाळीस. माझ्या हाती एवढेच येत होते. दारातून बाई आत आल्या की मी उठून उभा राही आणि त्या काही सांगतील म्हणून वाट पाही. त्या नाडी बघून जात.

गुरुवारी, तेरा नोव्हेंबरला, सकाळी सव्वाअकराला तो गेला. मान शेवटपर्यंत स्वच्छ होती. एकही गाठ नव्हती.

निघताना मी औषधाच्या दुकानात जाऊन सांगायला हवे होते. ते राहून गेले.

बाईंनी मला जाताना एवढे सांगितले होते की घरातली बाकीची माणसे त्याच जमिनीवर चालतात, त्यांचीही तपासणी करून घ्या. मला ते जमायला डिसेंबर उजाडला. एका रविवारी मी वाशीमच्या सरकारी दवाखान्यातून चार डब्या घेतल्या, आईसाठी, भावजयीसाठी आणि भावाच्या दोन मुलींसाठी, आणि केनवडला गेलो.

ओसरीवर आई होती. भावजय दाराआड. मी डब्या ठेवल्या आणि कशासाठी ते सांगू लागलो. आई म्हणाली, "आमाले काय झालं?" तेव्हा मला पुढचे सांगावेच लागले. मी आईकडे पाहूनच सांगितले. गाठी बऱ्या झाल्या होत्या, जंतांनी गेला, अंगावरच्या रेघा त्याच जंतांच्या होत्या, तपासणी त्याची व्हायची होती ती माझी झाली. सुचवले कुणी ते सांगितले नाही. भावाने नको म्हटले होते ते एवढ्यापुरते मी पाळले.

आई रडू लागली. भावजय दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर होता, पण ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलली.

"डाक्तरीनबाईले सांगतलं तुमी?"

"हो."

"कवा?"

"तीन दिवस आधी."

"मंग अंगावर रेघ निंगाली तवा काहून नाई सांगतलं? तवा तर ते चालत होते, जेवत होते."

  डबीची गोष्ट तिने एका शब्दाने विचारली नाही. तिने बरोबर तेवढेच विचारले ज्याला घड्याळ नव्हते, शुक्रवार नव्हता, रांग नव्हती. त्या आठ दिवसांचे.

"लय उशीर केला जी तुमी," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही डब्या ओसरीच्या कडेला ठेवलेल्या होत्या. झाकणे घट्ट लावलेली. मी त्या पिशवीत घालून पहिल्या बसने वाशीमला आणल्या. आठवड्याने कागद आले. भावजयीच्या आणि मोठ्या मुलीच्या तपासणीत जंत निघाले. तेच. आईच्या आणि लहानीच्या तपासणीत निघाले नाहीत. सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, हे औषध इकडे मिळत नाही.

मी नागपूरला त्या दुकानदाराला पत्र टाकले. त्याचे कार्ड उलट टपाली आले, हिंदीत. शुक्रवारी पार्सल आले होते, तुम्ही आला नाहीत तेव्हा समजलो. परत पाठवायचे होते पण हातून झाले नाही. माल दुकानात आहे, दोघांना पुरेल. औषधाचे एकतीस रुपये वीस पैसे पाठवा. फोनचे पाठवू नका, तो मीच लावला होता.

औषध रजिस्टर टपालाने आले. मी स्वतः केनवडला जाऊन दोघींना ते दिले, मुलीला वजनाप्रमाणे कमी. भावजयीने आईकडून गोळ्या घेतल्या आणि माझ्याकडे न पाहता गिळल्या. दोघी बऱ्या आहेत. जमीन आता तीच करते.

गुरुवार, ८ जानेवारी १९७६ रोजी वाशीमच्या पोस्टातून मनिऑर्डर केली. औषधाचे एकतीस रुपये वीस पैसे, ट्रंक कॉलचे नऊ रुपये, टपालाचे दोन रुपये ऐंशी पैसे. एकूण त्रेचाळीस रुपये, नागपूरच्या त्या औषध दुकानदारास.